तीन दाबा

हॅलोबाईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कचेरीत कुणी उरलं नव्हतं. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत ती बावीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसत होती, आणि तेवढ्या वर्षांत नाव झिजून नुसतं हॅलो तेवढं शिल्लक राहिलं होतं. त्याचं तिला काही वाटत नसे. चिडायला तिच्याकडे दुसरी कारणं भरपूर होती.

बोर्ड म्हातारा झाला होता, हे तीही कबूल करायची. निम्मे दिवे मनात आलं तर लागत. विक्री विभागाला जोडलेला फोन गोदामात वाजे. एक कळ तर अंगठ्याने दाबूनच धरावी लागे, नाहीतर समोरच्याचं बोलणं मधेच तुटे. सुटे भाग कुठे मिळत नव्हते. पण त्या बोर्डाच्या अगदी खालच्या ओळीत चार लाल दिवे होते आणि ते मात्र एकदाही चुकले नव्हते.

ते दिवे लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे. लिफ्टच्या आत भिंतीत जो फोन बसवलेला असतो त्याला आकडे नसतात. एक जाळी असते आणि जाळीखाली एक बटण. ते दाबलं की बोर्डावर लाल दिवा लागायचा. मग हॅलोबाई मोठ्या साहेबांचा फोनसुद्धा लटकत ठेवायची. आत किती जण आहेत, कितव्या मजल्याजवळ आहात, हे विचारायची, दुसऱ्या हाताने मिस्त्रीला पिटाळायची, आणि त्यानंतर रिसीव्हर खाली ठेवायची नाही. हा नियम तिला कुणी घालून दिला नव्हता, तो तिचा तिनेच केलेला. दार उघडल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय लाइन सोडायची नाही. मिस्त्रीला पोचायला तास लागला तर तासभर बोलत बसायचं.

या बोलण्यातून तिच्या ओळखी झाल्या होत्या, सगळ्या बिनचेहऱ्याच्या. त्यातली सगळ्यांत जुनी ओळख मास्तरीणबाईंची. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेल्या, सहाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून एकदा तरी रुसून बसायची, आणि नेमक्या याच आत असायच्या. नऊ वर्षं हा प्रकार चालला होता. बटण दाबल्यावर त्या घाबरल्याचं कधी बोलत नसत. "अगं, मी आले परत," एवढंच म्हणायच्या आणि मागच्या खेपेला अर्धी राहिलेली गोष्ट पुढे सुरू करायच्या. कुठला विद्यार्थी आता न्यायाधीश झाला, कुठला तुरुंगात गेला, आणि दोघांचीही अक्षरं कशी सारखीच वाईट होती. हॅलोबाईने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या श्वासावरून आज गुडघे दुखताहेत की नाही हे तिला कळायचं.

तर अशा त्या बोर्डाच्या जागी नवी यंत्रणा आणायचं नव्या मॅनेजरच्या मनात आलं. आणावी की, कोण नाही म्हणतंय? पण त्यासाठी जी बैठक बोलावली, तिला विकणाऱ्या कंपनीचा टायवाला होता, विक्रीचे दोघे होते, आणि एकही मिस्त्री नव्हता. लिफ्टच्या कंपनीत लिफ्ट उघडून बघणारा एक माणूस बोलवावा, एवढी अक्कल कुणाला सुचली नाही. हॅलोबाईला बोलावलं ते चहा झाल्यावर, आणि तेही दाराजवळच्या खुर्चीवर. टायवाल्याने पडद्यावर चित्रं दाखवली. फोन आला की यंत्रच बोलेल. नव्या लिफ्टसाठी एक दाबा, देखभालीच्या करारासाठी दोन दाबा, लिफ्टमध्ये अडकला असाल तर तीन दाबा.

हॅलोबाईने एकच प्रश्न विचारला. लिफ्टच्या आतल्या फोनला आकडेच नाहीत, तर आतला माणूस तीन कुठून दाबणार?

टायवाला हसला. आजकाल मोबाइल कुणाकडे नसतो, असं तो म्हणाला. लोखंडी पेटीत मोबाइल मुका होतो, हे ती सांगणार होती, पण मॅनेजरने हात वर केला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, तुम्हाला तुमच्या खुर्चीची काळजी आहे, ते आम्ही समजू शकतो. तांत्रिक बाबी आमच्यावर सोडा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं लोकांचे जीव कानाशी धरून बसलेल्या बाईला खुर्चीची काळजी! ती उठली नाही, भांडली नाही. तिने तोंड शिवलं, ते शिवलंच.

घरी तिने हे सगळं नवऱ्याला ऐकवलं. तो बसचालक होता, आता गुडघ्याला तेल चोळत घरी असायचा, आणि बायकोच्या रागाचे थांबे त्याला पाठ होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, परत सांग. मॅनेजरला नको असेल तर हेडमिस्त्रीला सांग, नाहीतर कागदावर लिहून दे. त्यावर ती त्याच्यावरच उखडली, वड्याचं तेल वांग्यावर. एकदा सांगितलं ना? आता काय पदर पसरू त्यांच्यापुढे? शहाण्याला शब्दाचा मार, आणि हे दीडशहाणे. अडकू दे एकदा कुणीतरी, मग येतील नाक घासत. नवरा तेलाची बाटली बंद करून एवढंच म्हणाला की अडकणारा काही तुमचा मॅनेजर नसेल. तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरने तिला पुन्हा बोलावलं, या वेळी गोड होऊन. ग्राहकांना तुमच्या आवाजाची सवय आहे, तेव्हा यंत्रात तुमचाच आवाज भरू. नाही म्हणता आलं असतं. पण हॅलोबाईची एक खोड होती: ती जितकी आतून पेटलेली, तितका तिचा आवाज गोड. तिने कागद हातात घेतला आणि एका दमात, एकदाही न अडखळता वाचून काढलं. नमस्कार, आपलं स्वागत आहे. एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा. आपण कोणताही अंक दाबलेला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा, धन्यवाद. टायवाला म्हणाला, काय आवाज आहे. तिसऱ्या वाक्यापाशी तिच्या मनात आलं होतं की इथे थांबावं, कागद टेबलावर आपटावा आणि पुन्हा एकदा विचारावं. ती थांबली नाही. करा, तुमच्या कर्माने करा, असं मनाशी म्हणत तिने वाचून संपवलं.

शनिवारी बोर्ड उचलून नेला. चाचणी झाली ती टेबलावरच्या फोनवरून. तीन दाबलं, दुरुस्ती खात्यातला फोन वाजला, टाळ्या पडल्या. हॅलोबाईला जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं. तिथे ती कागदांना दोऱ्या बांधत बसली आणि वाट पाहत राहिली. कशाची, हे तिने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. दहा दिवस काही झालं नाही.

अकराव्या दिवशी संध्याकाळी पाचला हेडमिस्त्री फायलींच्या खोलीत आला. एरवी हा माणूस दारातूनच ताई म्हणून ओरडायचा. आज तो आत येऊन तिच्यासमोर बसला आणि हात पुसायचं फडकं उगीच घडी घालत राहिला. मास्तरीणबाई दुपारी दोनला लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, चौथ्या आणि पाचव्याच्या मधे. मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला. इमारतीत त्या वेळेला कुणी नाही, सगळे कामावर. चारला चौथ्या मजल्यावरची बाई घरी आली, तिने आतला आवाज ऐकला आणि मिस्त्रीच्या मोबाइलवर फोन केला. तो पोचला तेव्हा म्हातारी फरशीवर बसली होती. कपडे ओले झाले होते. त्याने स्वतःचा शर्ट काढून तिच्या मांडीवर टाकला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

"बटण दाबलं का विचारलं मी," मिस्त्री म्हणाला. "म्हणाल्या, दाबलं. ती उचलत होती, पण माझं ऐकत नव्हती."

हॅलोबाई जी उठली ती थेट मॅनेजरच्या खोलीत. दार वाजवलं नाही. तो फोनवर होता, तिने हुकावर बोट ठेवून फोन तोडला. त्यालाही बातमी लागलेली होती, आणि त्याने कागदही काढून ठेवला होता. त्याने तो तिच्यासमोर सरकवला. यंत्रणेत दोष नाही, हे बघा. त्या नंबरवरून सव्वीस वेळा फोन आला आणि सव्वीसच्या सव्वीस वेळा पहिल्या घंटीला उचलला गेला. उत्तर दिलेले फोन, शंभर टक्के.

तिने कागद वाचला. सव्वीस ओळी होत्या. पहिले फोन दोन-दोन मिनिटांच्या अंतराने होते, मग पाच, मग दहा. तीन वाजून चाळीस मिनिटांनी शेवटचा होता. त्यानंतर बाईंनी बटण दाबायचं सोडून दिलं होतं.

मॅनेजरचं बोलणं चालूच होतं. फार तर एक वाक्य वाढवू. अंक दाबणं शक्य नसेल तर लाइनवर थांबा, असं काहीतरी. उद्या सकाळी तुमच्या आवाजात भरून टाकू.

हॅलोबाईचा गोडवा त्या क्षणी संपला. बावीस वर्षांत त्या इमारतीत कुणी ऐकला नव्हता असा आवाज तिच्या घशातून निघाला, आणि बाहेर टाइप करणाऱ्यांचे हात थांबले.

"सव्वीस वेळा माझ्या तोंडून तिला धन्यवाद म्हणवलंत. माझा आवाज आत्ताच्या आत्ता पुसायचा, आणि त्या लाइनी माझ्या टेबलावर आणायच्या. नाहीतर हा कागद घेऊन मी दारोदार जाते, जिथे जिथे आपली लिफ्ट आहे तिथे."

मॅनेजरने नोकरीची आठवण करून दिली. तेवढ्यात हेडमिस्त्री खांद्यावर हत्यारांची पिशवी टाकून आत आला, कुणालाही न विचारता भिंतीवरच्या नव्या पेटीचं झाकण उघडलं आणि आतल्या वायरी सोडवायला लागला. हात लावू नका, असं मॅनेजर दोनदा म्हणाला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून केबल कोण तपासतं, असं मिस्त्रीने त्याच्याकडे न बघताच विचारलं आणि काम चालू ठेवलं. सात वाजेपर्यंत फायलींच्या खोलीत एक साधा, आकड्यांचा, काळा टेलिफोन बसला होता आणि लिफ्टमधले सगळे फोन थेट त्याच्यावर येत होते. मोठ्या साहेबांनी घरून होकार कळवला. कागद दारोदार फिरला तर काय होईल, ते त्यांना मॅनेजरपेक्षा लवकर कळलं.

मग रविवार आला. हॅलोबाई मास्तरीणबाईंच्या घरी निघाली. लिफ्टला टाळं होतं, सहा मजले चढून जावं लागलं. पण अंगात जोर होता. कुणाला कसं खडसावलं, मॅनेजरचं तोंड कसं उतरलं, हे सगळं तिला सांगायचं होतं. बाई हसतील, म्हणतील, बरी जिरवलीस.

दार उघडलं ते एका बुटक्या, बारीक केसांच्या म्हातारीने. कोण पाहिजे, असं तिने विचारलं. हॅलोबाई म्हणाली, "नमस्कार, मी..." आणि पुढे बोलूच शकली नाही, कारण तो आवाज ऐकताच बाईंनी दार अर्धं लोटून घेतलं होतं.

मग त्यांनीच ते पुन्हा उघडलं. आत बसवलं, पाणी दिलं. खुर्चीच्या दांड्यावर मिस्त्रीचा शर्ट धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. हॅलोबाईने ठरवलं होतं तसं सगळं सांगितलं, बैठकीपासून. टायवाल्याची नक्कल केली. बाई हसल्या नाहीत. त्या वर्गात उत्तर ऐकावं तशा मान किंचित कलती करून ऐकत होत्या.

"म्हणजे बटण एकच आहे, हे तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं ना त्यांना."

"किती वेळा?"

हॅलोबाईने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. एकदा, असं ती म्हणाली. त्यांनी माझा अपमान केला म्हणून मग नाही सांगितलं. म्हटलं, कळू दे त्यांना एकदा.

बाईंनी इस्त्रीच्या शर्टाची बाही सारखी केली. त्यांच्या श्वासावरून हॅलोबाईला कळत होतं की गुडघे दुखताहेत.

"मी तुला नाव सांगितलं," बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा वाटलं, तू कामात आहेस. मग वाटलं, माझं काही चुकलं, म्हणून रागावलीयेस. मी माफीसुद्धा मागितली तुझी. राग तुझा त्यांच्यावर होता होय? आणि आत मी होते."

"हो," हॅलोबाई म्हणाली.