थर्मासातला कोकमाचा बर्फ

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. मुक्काम विंझर, तालुका वेल्हे. माझं टोपण दोनदा बदललंय, अंगावरची फुलं पुसट झालीत, पण आतली काच अजून शाबूत आहे. तेवढा तोरा मला मिरवू द्या.

सखूबाईंनी मला भोरच्या बाजारातून आणलं. भातलावणीच्या दिवसांत त्या मला चहानं भरून खाचरावर न्यायच्या. बायका हात धुऊन बांधावर बसायच्या आणि पहिल्या घोटाला म्हणायच्या, "आगं बाई, लई गरम हाय!" मी मनातल्या मनात फुगायचो. गरम ठेवणं हेच आपलं काम, असं मी धरून बसलो होतो. सखूबाईंचंही एक काम ठरलेलं होतं. दारात आलेल्याला त्या उपाशी जाऊ देत नसत.

यंदा त्यांना पोटात कॅन्सर झाला आणि तो वाढत गेला. आतडी दोन-तीन ठिकाणी दबली. खाल्लेलं पुढे सरकेना, कळा येत, उलट्या होत. ऑपरेशन त्यांना झेपणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले, घरीच औषधांनी त्रास कमी ठेवू.

दवाखान्यातून घरी आल्यावर सगळ्यांनी एकच धोशा लावला, पोटात काहीतरी गेलं पाहिजे. सून नूतन सासूला आत्या म्हणते. ती रोज माझ्यात पेज भरायची. "आत्या, दोनच घोट घ्या." सखूबाई तिच्यासाठी घ्यायच्या आणि थोड्या वेळानं सगळं उलटून पडायचं. पेज गरम ठेवल्याची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

डॉक्टरांनी पाठवलेल्या नर्स, फौजिया सिस्टर, भोरहून स्कूटीवर यायच्या. त्यांनी दंडाच्या कातडीखाली बारीक सुई बसवली आणि त्यातून उलटीचं व दुखण्याचं औषध कसं द्यायचं, ते नूतनला शिकवलं. मग त्यांचं लक्ष पेजेकडे गेलं.

"नूतनताई, हे आता बंद करा."

नूतन रडायलाच लागली. "लोक म्हनतील, सुनंनं सासूला उपाशी मारलं. म्या कुठं तोंड दाखवू?"

"त्या भुकेनं नाही, आजारानं थकल्यात. भूक आहे का, असं त्यांना कुणी विचारलं?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. सखूबाई हळूच म्हणाल्या, "भूक न्हाई गं. तोंड कोरडं पडतंय. कोकमाचं सरबत मिळंल का? गार."

"गोठवून द्या," सिस्टर म्हणाल्या. "बारीक खडे, एकेक करून चोखू द्या. एखादी उलटी झाली तर घाबरू नका."

नूतननं मला घासून धुतलं आणि माझ्यात लाल बर्फ भरला. मी गारठलोच! पण गावात वीज जाते-येते, फ्रिजचा भरवसा नाही. संध्याकाळपर्यंत मी खडे जपले. सुईतल्या औषधानं कळा निवल्या, उलट्या दिवसाला एकीवर आल्या. सखूबाई गालात खडा धरून पुन्हा गप्पा मारू लागल्या.

एके दुपारी कामथडीहून त्यांची धाकटी बहीण धोंडाबाई खिरीचा डबा घेऊन आली. "घास भरवल्याबिगर म्या जायची न्हाई."

नूतननं मला पुढे केलं. "मावशी, खिरीनं त्यास्नी तरास व्हईल. ह्यातलं द्या."

धोंडाबाईंनी डोळे वटारले. पण सखूबाईंनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं होतं. धोंडाबाईंनी एक खडा त्यांच्या जिभेवर ठेवला.

"ग्वाड हाय," सखूबाई म्हणाल्या. "धोंडे, खीर तू खा. माझ्यासमोर बसून खा."

धोंडाबाईंनी रडत रडत डबा संपवला. सखूबाई शेवटच्या घासापर्यंत बघत होत्या.

नऊ दिवसांनी त्या शांतपणे गेल्या. दहाव्याच्या विधीला कुणीतरी कुजबुजलं, सुनेनं अन्न तोडलं म्हणे. धोंडाबाईंनी मला उचलून सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

"ह्यातला बर्फ म्या माज्या हातानं दिलाय. माजी भन उपाशी न्हाई गेली. तिनं मागितलं त्ये नूतननं दिलं."

नूतननं पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, मला जपून हाताळा, माझी काच नाजूक आहे. आणि आजारी माणसाच्या उशाशी बसाल तेव्हा घास पुढे करण्याआधी त्याला विचारा, तुला काय हवंय? मी इतकी वर्षं त्या घरात होतो, पण सखूबाईंना काय हवंय, याची कुणी विचारपूस केल्याचं मी सिस्टरांनी पेज थांबवली त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.