सानामावशीच्या अंगणातला मग

शुक्रवारी चारला द्राक्षमळ्यातलं काम सुटलं. मजुरीत वाइन द्यायला कायद्याने केव्हाच बंदी आली होती, म्हणून मालक ती आता ‘भेट’ म्हणून देत. फोरमन कोबस ट्रॅक्टरवरून दारोदार वाइनची एकेक फुगलेली चंदेरी पिशवी टाकत गेला.

बाया नेहमीसारख्या सानामावशीच्या अंगणात गोल करून बसल्या. पत्र्याचा मग एकच, तो हातोहात फिरे. आई गेल्यावर मिएताला याच बायांनी वाढवलं होतं. तिला आता पाचवा महिना होता. मांडीवर तिची लेक ड्रिनी, वय सहा, पण अंगाने जेमतेम तीन वर्षांची. तिचा कान पुन्हा वाहत होता. गेल्या हिवाळ्यात दोनदा न्यूमोनिया झाला होता.

सोमवारीच नर्सने सांगितलं होतं, “तू पोटुशी असताना प्यायलीस, ती दारू हिलाही पोचली. म्हणून हिची रोगाशी झुंजायची ताकद कच्ची राहिली असणार. घाबरल्यावर सगळ्यांच्याच अंगात एक हार्मोन उसळतं, हिच्यात ते लवकर ओसरत नाही.” मिएता घरी येऊन ढसाढसा रडली होती.

फिरता फिरता तो मग मिएतापाशी आला. तिने तो तसाच पुढे दिला.

“का गं, आमचं उष्टं चालेना होय?” सानामावशी हसली. “घे, रक्त वाढतं.”

“नको मावशी. बाळाला बाधतं. ड्रिनीचं त्यानेच झालंय.”

“म्हणजे आम्ही आमची पोरं मारली?” मावशीची दोन पोरं टेकडीवर पुरलेली होती. “आलीय मोठी डॉक्टरीण! ऊठ, चालती हो!”

मावशीने हातातला मग दाणकन आपटला. ड्रिनी किंचाळली.

घरी आल्यावरही पोर तासभर थरथरत होती. अंगणातली गाणी ऐकू येत होती, पण कुणी डोकावलं नाही. आई गेली तेव्हाही मिएताला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

कोबस परतताना तिने दारात टाकलेली आपली पिशवी उचलून ट्रॅक्टरवर ठेवली.

“काय गं, आंबली का?”

“मालकांना सांगा, ही भेट माझ्या बाळाला पोचते. ते अजून जन्मलंही नाही.”

सकाळी सानामावशी कुंपणापाशी आली, आत आली नाही.

“निजली का पोर?”

“पहाटे निजली,” मिएता खिडकीतूनच म्हणाली.

मावशीने कुंपणाची तार धरली. “माझा योहानपण असाच थरथरायचा,” म्हणाली, आणि मिएता दार उघडेपर्यंत निघूनही गेली.

दोष द्यायला जग या दोघींकडेच बोट दाखवील. पुढच्या शुक्रवारी ट्रॅक्टर मात्र पुन्हा भरून येणार होता.