सगळ्यांची मिळून एकच पाटी

मावशी आणि काकांच्या कुत्र्यांच्या पाळणाघराला मी प्रोग्रॅम लिहून दिला तेव्हा मला अगदी आभाळ ठेंगणं झालं होतं! कुत्र्याचं नाव दाबा, की पडद्यावर हजर : खाणं, खोड्या, आजची गोळी दिली की नाही. भिंतीवरचा कागदी तक्ता तर मीच टराटरा फाडला.

आणि आज सकाळी भोपळ्याला फिट आली.

भोपळा गोल, म्हातारा, सगळ्यांचा लाडका. ओल्या फरशीवर त्याचे पाय ताडताड आपटत होते. तो शांत झाला तसा मावशीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"सकाळची गोळी दिली होती?" त्यांनी विचारलं.

पडद्यावर होतं : दिली.

"मी नाही दिली. म्हणजे तुम्ही," मावशी काकांना म्हणाली.

"मी? मी तर फक्त शेजारच्या पिंजऱ्यातल्या चिमणीला दिली."

"काका, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही हं!" मी ठसक्यात म्हणाले.

काकांनी पिंजऱ्याची जाळी घट्ट धरली. "मग दिली असेन. आमच्या अण्णांचंही असंच सुरू झालं होतं. आधी गोळ्या विसरले, मग आम्हाला."

एरवी मावशीने टोमणा हाणला असता. आज तिने त्यांची बोटं जाळीवरून हळूच सोडवली.

"गोळी घेऊनही फिट आली, तर इंजेक्शन द्यावं लागेल. निघतेच मी," म्हणत डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला.

तेवढ्यात फाटकाशी नव्या पाहुण्याची गाडी थांबली. कुणाकडे बघवेना, म्हणून मी त्याचं नाव टाइप केलं. पडद्यावर लगेच आलं : गोळी दिली.

अहो, तो अजून गाडीतून उतरलासुद्धा नव्हता!

मी कोड उघडला. 'दिली'ची खूण मी 'कुत्रा' या साच्यातच ठेवली होती, एकेका कुत्र्याकडे नाही. ज्याच्या त्याच्या गळ्यात हवी ती पाटी मी सगळ्यांची मिळून फाटकावर एकच टांगली होती. चिमणीची गोळी झाली, की अख्ख्या पाळणाघराची झाली.

"मावशी, फोन लाव! भोपळ्याला गोळी मिळालेलीच नाही! काका, तुम्ही काही विसरला नाहीत, मीच चुकले!"

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन रद्द केलं, गोळीच द्यायला सांगितली. काकांनी भोपळ्याला मांडीवर घेऊन ती भरवली.

"दिली. बघितलंस ना?"

"बघितलं, काका."

मी कोड दुरुस्त करत बसले. जरा वेळाने काका दारात आले.

"दिली ना गं मी?"