तोरणाखालची रांग

आमच्या गावात कोणतं घर कधी आलं हे पाहाचं असलं तर पोळ्याले यावं. गावाच्या वेशीवर तोरण बांधतात, त्याच्यामागं बैलजोड्यांची रांग लागते; पूजा झाली का तोरण तोडून गावात शिराचं, त्याले पोळा फोडणं म्हणतात. जो पयले आला तो पुढं. सर्वात पुढं चंपतराव पाटलाची जोडी, काहून का जंगल तोडून पयलं घर त्याच्या पणज्यानं बांधलं. त्याच्या मागं वामनराव, त्याचे लोक कापसासंगं आले. मंग विहिरी खोदायले आलेले. सर्वात शेवटी आमी. माहा आजा काटोलकडून संत्र्याच्या कलमा बांधायले आला अन् इथंच राहून गेला. खरं सांगतो, मले शेवटी उभं राहाचा राग ये. बाबा हसे. म्हणे, "शेवटी राहिलं का धूळ खा लागते, बाकी काई नाही."

हे आहे आणीबाणीच्या आधल्या वर्षाचं. तोवर ज्वारीचे वावरं मोडून बगीचे झाले होते. नागपूरजवळच्या बेसा गावापासून आमच्यापर्यंत संत्राच संत्रा. पाटलानं विहिरीवर इंजिन बसवलं, मोट सुटली. बैलाले काम नाही, तं उन्हाळ्यात त्यानं शेवटली जोडी विकून टाकली. पोळा याले लागला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. ज्याच्या गोठ्यात बैल नाही त्याची जागा मागच्याले जाते, असा आमचा रिवाज. अन् वामनरावानं तं हप्ताभर आधीच बैलाचे शिंगं रंगवून ठेवले होते.

पाटील आमच्या घरी आला. बाबाले म्हणे, "चंद्रभान, चार पिढ्याची जागा माह्याच हातून जाते का गा?"

बाबानं पाण्याचा गडवा पुढं केला. ज्या बगीच्यापायी बैल गेले, त्याच्या कलमा तं आमच्याच आज्यानं बांधल्या होत्या.

मंग पाटील नागपूरले, लकडगंजातल्या लाकडाच्या बाजारात गेला. तिथं आरागिरणीवर सागाचे लठ्ठे ओढणारी एक जोडी होती. ती एका दिवसासाठी घेऊन आला, संगं गाडीवान धोंडबा. आधल्या संध्याकाळी पाटलीण गोपिकाबाईनं त्या बैलाचे खांदे हळद-लोण्यानं शेकले. ज्याच्या घरी खांदे शेकले, बैल त्याचे. वामनरावाले हरकत घेता येईना. पण तो वामनराव होता.

"पाटील, हे बैल आणले का आरागिरणीच आणली?"

"तुह्या बैलापेक्षा तं उंच आहेत ना!"

"उंच आहेत. पण वावर तं पाह्यलं आहे का त्यायनं?"

सारे हसले. पाटीलबी हसला, पण टोपी दोनदा नीट केली.

रांग लागली. गोपिकाबाई आरतीचं ताट घेऊन तोरणाजवळ आली. डफडं वाजायले लागलं. धोंडबानं बिडी पेटवाले म्हणून कासरा बैलाच्या पाठीवर टाकून देल्ला. अन् लकडगंजात कासरा पाठीवर पडला म्हणजे दिवसाचं काम संपलं, घरी चला. बैल निघाले. तोरणाच्या बाजूनं वळून, नागपूरकडच्या धुऱ्यानं, म्हणजे वावराच्या बांधावरल्या वाटेनं.

"अबे, धर! धर!"

मागच्या जोड्याइले काय माहीत? त्याइले एवढंच ठाऊक, का पाटलाची जोडी निघाली म्हणजे आपण निघाचं. वामनरावाची निघाली, तिच्या मागची निघाली, शेवटी आमचीबी निघाली. सारं गाव बैलामागं पळून राह्यलं अन् गोपिकाबाई ताट धरून एकटीच उभी.

"अवो, पूजा तं राह्यली ना!" ती ओरडली.

नाल्यापाशी धोंडबानं वेसण धरली तेव्हा कुठं रांग थांबली. पण धुरा अरुंद, दोन्हीकून बाभळीच्या काट्याचं कुंपण. जोडीच्या बाजूनं जोडी निघत नव्हती. ज्यानं त्यानं आपले बैल जागच्या जागी फिरवले. फिरवल्यावर समजलं का आता सर्वात पुढं आमी आहो. सर्वात मागं पाटलाचे बैल, तेबी नाल्यात बसलेले.

आमी तोरणापाशी आलो. मले वाटे, जावं, एकदा तरी सर्वात पुढं.

पाटील धापा टाकत आडवा आला. "थांब गा चंद्रभान. माहे बैल येऊ दे."

बाबा थांबला. आमी वाट पाह्यली. नाल्याकून धोंडबाचा आवाज आला, "पाटीलसाब, उठून नाही राहिले!" मागून वामनराव ओरडला, "दिवस बुडाले आला, पोळा उद्या फोडाचा का?"

कोणी हसलं नाही. सारे पाटलाच्या तोंडाकडं पाहून राहिले.

पाटलानं एकदा नाल्याकडं पाह्यलं. मंग आमच्या सर्ज्या बैलाजवळ आला, बाबाच्या हातातल्या कासऱ्याले हात लावला. "मी धरतो. बैल तुहे, हात माहा. चालते का?"

"चालते," बाबा म्हणे. "पण सांभाळून पाटील, हा अनोळख्याले शिंग मारते."

"अबे, मी काय अनोळखी आहो?"

बाबानं कासरा पूर्ण सोडला नाही. दोघायनं मिळून धरला. मले आवडलं नाही, पण बाबाले चाललं. गोपिकाबाईनं बैलाइले ओवाळलं. मंग कुंकवाचं बोट घेऊन अडली. "आता पयले टिळा कोणाले लावू वं माय?"

"ज्याचे बैल त्याले," पाटील म्हणे. "मले घरी लाव."

तिनं बाबाच्या कपाळाले टिळा लावला. पाटील मान खाली घालून सर्ज्याच्या गळ्यातली घंटी नीट करत राह्यला. मंग डफडं वाजलं, तोरण तुटलं, अन् आमी पयले गावात शिरलो.