सकाळची कंबर

सून घरात आली की आपल्या कंबरेची दिवसाला चाळीस वाकणी वाचणार, हा हिशेब हिदोयतनं लग्न ठरायच्या आधीच मांडला होता. पहाटे अंगण आणि दारापुढचा रस्ता झाडून पाणी मारायचं, त्याची दहा. गाईखाली बसायची-उठायची चार. तंदुरात नान लावायला आत वाकायचं, एका भट्टीला बारा. बाकीची फुटकळ: सरपण, बादल्या, गाद्यांच्या घड्या, जेवणाचं दस्तरखान जमिनीवर पसरणं आणि उचलणं. एकतीस वर्षं कापूस वेचून तिच्या कंबरेनं द्यायचं ते सगळं देऊन टाकलं होतं. आता काहीतरी परत मिळायला हवं होतं.

मुली तीन पाहिल्या. एक शिकलेली होती, एकीच्या बापाचं गॅरेज होतं. सानोबारकडे यातलं काहीच नव्हतं. पण एका लग्नात ती हातात भरल्या वाट्यांचं तबक घेऊन, जमिनीला बोटसुद्धा न टेकवता, उकिडवी होती ती सरळ उभी राहिली. हिदोयतनं ते पाहिलं आणि पुढ्यातला पुलाव न चाखताच निर्णय घेतला.

कंबरेच्या बाबतीत त्या गल्लीत हिदोयतचा शब्द शेवटचा होता. दवाखान्यात जायच्या आधी बाया, ताईला हाक मारावी तसं 'ओपा' म्हणत, तिच्या ओट्यावर येऊन बसत. "हिदोयत ओपा, पायात उतरतंय गं." "हिदोयत ओपा, शिंक आली तरी जीव जातो." ती चहा ओतायची आणि एकच विचारायची, सकाळी दुखतं की संध्याकाळी? खरी कंबर तिच्या मते शेतमजुरासारखी. सकाळी ताजी उठते, दुपारी कुरकुरते, संध्याकाळी रडते, आडवी केली की गप्प होते. तिची स्वतःची अशीच होती, आणि आजवर आलेल्या बहुतेकींची तशीच निघाली होती. उलटं सांगणारी कुणी भेटलीच तर हिदोयत म्हणायची, "तुझी कंबर ठीक आहे बाई. दुखणं दुसरीकडे आहे. नवऱ्याकडे बघ, नाहीतर आळसाकडे." गेल्याच वर्षी खालच्या गल्लीतल्या एका मुलीला तिनं "लग्न कर, बरी होशील" असं सांगून वाटेला लावलं होतं.

मुलगा इल्योस रशियात इमारतींवर प्लास्टर करायचा. लग्नाला म्हणून चाळीस दिवस आला आणि गेला. सानोबार राहिली. रोज पहाटे डोक्यावरून रुमाल ओढून ती दारात उभी राही आणि 'ओयी', म्हणजे आई, म्हणत सासूला तीन वेळा वाकून सलाम करी. तो सलाम बघायला शेजारणी काही ना काही उसनं मागायचं निमित्त काढून येत. आठ महिने हिदोयतनं कुणालाही रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही.

रेशमाच्या किड्यांचा हंगाम सरला आणि सलाम आखूड होऊ लागला.

एका सकाळी शेजारची रोबिया नानच्या पिठासाठी आंबवण मागायला आली होती. सानोबार दारात आली, वाकायला लागली आणि अर्ध्यावरच थांबली. एक हात चौकटीवर. मान तेवढी खाली गेली.

"हिदोयत," रोबिया म्हणाली, "तुझी सून सलाम करतेय की उंबऱ्यावर पडलेली सुई शोधतेय?"

हिदोयत हसली, पण कानशिलं तापली. "काय गं पोरी, मान लचकली?"

"नाही ओयी. सकाळी कंबर लाकूड होते. कुशीवरसुद्धा वळता येत नाही. थोडं झाडलं, चाललं, की सुटते."

"झाडल्यावर सुटते?"

"हो ओयी."

"ऐकलंस रोबिया? कामानं बरी होणारी कंबर! अगं, अशी असती तर आम्हाला औषध म्हणूनच कापसात धाडलं म्हणायचं. एकतीस वर्षं औषध घेतलं मी!"

रोबिया हसता हसता अशी वाकली की तिचा रुमाल आंबवणाच्या भांड्यात पडला.

आणि दुपारी बघावं तर सानोबार तंदुरात खांद्यापर्यंत वाकून सटासट नान थापत होती. हिदोयत ओट्यावरून बघत राहिली. बारा वाकणी तिनं मोजली. एकदाही चेहरा आक्रसला नाही.

तरी हिदोयत दगडाची नव्हती. तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं तिनं केलं. पाठीला गरम पेले उपडे लावले, मीठ भाजून पुरचुंडी शेकली, स्वतःचा कुत्र्याच्या लोकरीचा पट्टा काढून सुनेच्या कंबरेला बांधला. आणि आपल्या कंबरेला जे सगळ्यात मानवतं तेच तिला दिलं: तीन आठवडे सक्त विश्रांती. "उठायचं नाही. बादलीला हात लावायचा नाही." ते तीन आठवडे रस्ता हिदोयतनं स्वतः झाडला. संध्याकाळी कंबर धरून ती विव्हळायची, पण त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. एवढी गुंतवणूक करावीच लागते.

तीन आठवड्यांनी सानोबारला गादीवरून उठवायला दोन माणसं लागली.

हिदोयतला ते समजेना. विश्रांतीनं बिघडणारी कंबर तिच्या उभ्या आयुष्यात तिनं पाहिली नव्हती. तालुक्याच्या दवाखान्यात पाठीचा एक्स-रे फोटो काढला. हाडं स्वच्छ. मग नर्स दिलोरोमनं पाच इंजेक्शनं सुरू केली, आणि दुसऱ्याच दिवशी सानोबार परसात कोंबडीमागे पळताना दिसली. इंजेक्शनं संपली तशी पंधरा दिवसांत पुन्हा लाकूड.

"चाळीस सुया टोचून घेतल्या मी," हिदोयत दिलोरोमला म्हणाली, "केसाइतका फरक पडला नाही. हिचं दोन सुयांत पळतं. असलं कसलं दुखणं हे?"

दिलोरोम सुई उकळत होती. "हिदोयत होला," ती मावशीला समजवावं तसं म्हणाली, "सकाळचं दुखणं वेगळं असतं असं आम्हाला कधीतरी शिकवलं होतं. नीट आठवत नाही. शहरात सांध्यांचे डॉक्टर आहेत. एकदा दाखवून तर या."

"तुझ्या नीट न आठवण्यावर मी पोराची प्लास्टरची कमाई घालू?"

"बघा बाई. माझी कंबर नाही."

इल्योसचा फोन आला तेव्हा तो वैतागला होता. मागे कुणीतरी पत्रा कापत होतं. "ओयी, ती रडत एक सांगते, तुम्ही दुसरंच सांगता. मी इथून काय बघणार? कंबरेचं तुम्हाला कळतं, अख्खी गल्ली तुम्हाला विचारते. खरं असेल तर शहरात न्या, लागेल ते मी पाठवतो. खोटं असेल तर मला असली बायको नको, सरळ सांगतो. शुक्रवारी फोन करतो. तुम्ही म्हणाल ते."

म्हणजे सानोबारची पाठ आणि तिचा संसार, दोन्ही आता हिदोयतच्या जिभेवर येऊन बसले.

गुरुवारी सानोबारची आई ओयदिन आली. गाठोड्यात नान, वर हलवा. हात छातीशी धरून खाली बसली, पण आवाज खाली नव्हता.

"मुलगी नांदवायची नसेल तर घेऊन जाते मी. पण खोटारडी म्हणू नका. माझ्या पाठच्या भावाचं असंच झालं होतं."

"कोण भाऊ?"

"एर्गाश. बाजारात बी विकतो."

हिदोयतनं त्याच्याकडून दर वसंतात मुळ्याचं बी घेतलं होतं. माणूस तुसडा वाटायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही, बुटांकडे बघून भाव सांगायचा. बाजूनं हाक मारली की मान न वळवता अख्खा फिरायचा, कपाट सरकवावं तसा.

"तो पाठीनं गेलाय?"

"वीस-बावीसचा होता. सकाळी उठवायचं नाही त्याला, आणि दुपारी फुटबॉल खेळायचा. सगळे हसायचे. आमची आई म्हणायची, कामाच्या वेळेलाच बरी दुखते रे तुझी पाठ! तो पहाटे उठून भिंत धरून येरझाऱ्या घालायचा."

सानोबारही घालायची. हिदोयतनं ऐकलं होतं, आणि पोरीला झोप नाही म्हणजे मनात काहीतरी आहे, असा अर्थ लावून ती कुशीवर वळली होती.

"मग?"

"मग काय. काही वर्षांनी दुखायचं कमी झालं. तोवर मानेपासून खालपर्यंत एकच हाड झालं होतं."

हिदोयतनं वाटी खाली ठेवली. सकाळचं लाकूड, कामानं सुटणं, विश्रांतीनं बिघडणं, दोन सुयांत पळणं. ज्या ज्या गोष्टीवरून तिनं खोटं ठरवलं होतं ती ती गोष्ट आता ओयदिनच्या तोंडून खरी होऊन समोर बसली होती. तिला कळलं. अर्धवट नव्हे, पुरतं कळलं. कंबरेच्या बाबतीत ती मूर्ख कधीच नव्हती.

"बघू," एवढंच ती म्हणाली, आणि ओयदिनला आणखी चहा दिला.

त्या संध्याकाळी तिनं दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. खरं म्हटलं तर शहर, डॉक्टर, जन्मभराचं औषध, आणि घरात वाकू न शकणारी सून. सगळी वाकणी पुन्हा आपल्याकडे. वर गल्ली विचारणार: म्हणजे हिदोयत ओपा, तीन आठवडे निजवून तुम्हीच बिघडवलंत होय? खालच्या गल्लीतली ती मुलगीही कुणाला तरी आठवणार. खोटं म्हटलं तर एक शब्द. इल्योस तिशीच्या आतला, कमावता. त्याला दुसरी मिळायला एक हंगाम पुरे.

शुक्रवारी सकाळी सानोबार चहा घेऊन आली. भिंतीच्या आधारानं, पाय न उचलता, घासत.

"ओयी, तुमच्याइतकं कंबरेचं कुणालाच कळत नाही," ती म्हणाली. त्यात टोमणा शोधला तरी सापडला नसता. "तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. मी बरी झाले की सगळं करीन. शप्पथ."

"ठेव वाटी," हिदोयत म्हणाली.

फोन दुपारी तीनला आला.

"हं ओयी. काय ते?"

सानोबार अंगणात कपडे वाळत घालत होती, दोन्ही हात वर. यावेळी तिचं अंग सुटलेलं असायचं. कुणीही बघून म्हटलं असतं, हिला काय झालंय?

"नाटक आहे बाळा," हिदोयत म्हणाली.

पलीकडे पत्रा कापणं थांबलं. "नक्की?"

"मी सांगते ना."

"तिला द्या फोन."

हिदोयतनं अंगणात जाऊन फोन दिला. सानोबारनं ओला हात पुसून तो कानाला लावला. तिकडून एकच शब्द तीन वेळा आला असणार. तेवढाच वेळ लागला. "बरं," ती म्हणाली, आणि फोन परत करताना स्क्रीनवर लागलेलं पाणी ओढणीनं पुसलं. मग टोपलीतले उरलेले दोन शर्ट वाळत घातले. ते इल्योसच्या वारलेल्या बापाचे जुने होते, हिदोयत घरात घालायची.

चारच्या सुमारास ओयदिन गाडी घेऊन आली. सानोबारनं स्वतःच्या गाद्या स्वतः घडी केल्या. ट्रंकेचं एक टोक ड्रायव्हरनं धरलं, दुसरं तिनं, आणि झटक्यात वर चढवली. रोबिया फाटकाला टेकून बघत होती.

"बघितलंस?" ती हिदोयतच्या कानाशी म्हणाली. "ट्रंक उचलली गं! मी म्हणत नव्हते?"

"म्हणत होतीस," हिदोयत म्हणाली.

सकाळी गाडी आली असती तर तिला उचलूनच घालावं लागलं असतं. पण फोनच दुपारी आला होता.

पुढच्या वसंतात इल्योसचं दुसरं लग्न झालं. नवी सून चुणचुणीत निघाली. कंबर उत्तम, डोकं त्याहून उत्तम. चौथ्या महिन्यात तिनं नवऱ्याकडून तिकीट मागवलं आणि रशियाला गेली. तिथंच दोन मुलं झाली. ती हिदोयतला फोनवर सलाम करतात.

सानोबारचं दिलोरोमकडून कळत राहिलं. माहेरी पहिली चार वर्षं तिला कुणी शहरात नेलं नाही. टाकून दिलेल्या मुलीच्या दुखण्याला शेवटचा नंबर असतो. पाचव्या वर्षी भावानं नेलं. डॉक्टरनं फोटो उजेडात धरला, कधीपासून दुखतंय विचारलं आणि वर्ष ऐकून पेन खाली ठेवलं. पहिल्याच वर्षी औषध आणि व्यायाम सुरू झाले असते तर कदाचित पाठ मोकळी राहिली असती, असं तो म्हणाला. जे घट्ट झालं ते आता सुटणार नव्हतं. उरलेलं वाचवायला तो औषध देतो. ती शिवणकाम करते. सुईत दोरा ओवायला सुई डोळ्यांसमोर उंच धरून भिंतीला टेकून उभी राहते, कारण मान तेवढ्याच एका जागी राहते. आभाळ बघायचं तर झोपावं लागतं, आणि झोपलं की दुखतं. लग्नाचं कुणी विचारायला येत नाही.

हिदोयतच्या ओट्यावर मात्र गर्दी वाढली. सकाळी अंग लाकूड होणाऱ्या पोरींना ती हल्ली शहरातल्या डॉक्टरचं नावच सांगते. "निजू नकोस, चालत राहा, आणि लगेच जा." सात वर्षांत तिघी गेल्या, तिघींना वेळेत औषध मिळालं. त्यांतली एक खालच्या गल्लीतलीच, पण ती 'लग्न कर'वाली नव्हे, दुसरी. तिच्या आईनं हिदोयतला शाल आणली. लोक म्हणतात, शिकलेल्या नर्सला जे आठवत नाही ते या बाईला कळतं. हिदोयत शाल घेते, चहा ओतते आणि कुठून कळलं ते सांगत नाही.

तर या सगळ्यात कुणी काय भरलं? इल्योसनं एक फोन. रोबियानं तर तेवढंही नाही. हिदोयत रोज पहाटे रस्ता झाडते आणि संध्याकाळी कंबर धरून बसते, पण ते तिचं जुनंच होतं, सानोबार आली नसती तरी असतंच. त्या तीन पोरींना वेळेत औषध मिळालं ते फुकट मिळालं असं त्यांना वाटतं. शालही हिदोयतकडे जमा. त्या सगळ्याचं बिल एकट्या सानोबारनं भरलं, आणि ते आपल्या नावावर लागलंय हे तिला कुणी सांगितलेलं नाही.