दहा वर्षांचा लेफ्टनंट

ड्रायरमध्ये बटण टणकन वाजलं आणि लिहिता लिहिता कृतिकाचं वाक्य मोडलं. नवऱ्याच्या, शुभंकरच्या ओव्हरऑलची धातूची बटणं. ड्रम फिरला की टण, जरा थांबून पुन्हा टण. तिनं सोफ्याकडे पाहिलं. सहा वर्षांची लेक ऊर्मी, आजच ताप उतरलेली, कूस बदलून परत झोपली. म्हणजे अजून अर्धा तास मिळाला.

कॅनडातल्या हॅलिफॅक्समधल्या एका लहानशा संग्रहालयासाठी कृतिका कंत्राटावर मजकूर लिहायची. या वेळची असामी होती एक जर्मन राजपुत्र, प्रिन्स ओटोकार. नकाशात अंगठ्याखाली झाकलं जाईल एवढं संस्थान, त्यातला हा तिसरा मुलगा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी त्याची युद्धनौका इथल्या बंदरात दहा दिवस थांबली होती, तेवढ्यावर त्याचं चित्र भिंतीवर लागणार होतं. चित्राखाली साठ शब्द.

त्याचं आयुष्य वाचता वाचता तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. दहाव्या वाढदिवसाला नौदलात लेफ्टनंट. अशा घराण्यांतून पद्धतच होती ती, केकाबरोबर हुद्दा. जहाजावर पहिलं पाऊल सतराव्या वर्षी, तेही वेगळी केबिन आणि बूट काढायला नोकर घेऊन. अठ्ठाविसाव्या वर्षी लख्ख उजेडात क्रूझर वाळूवर चढवली. शिक्षा जहाजाच्या वाटाड्याला झाली, याला बढती. शेवटी ॲडमिरल होऊन, मऊ गादीवर पडून मेला.

आणि तिचा नवरा अकरा वर्षं टँकरवर होता. रत्नागिरीहून निघालेला, कॅडेटपासून चीफ ऑफिसरपर्यंत एकेक पायरी घासत चढलेला. इथल्या लायसन्ससाठी अप्लाय केलं तर उत्तर आलं: तुमची मुंबईची कंपनी बंद पडली आहे, तिच्या पत्रांची खातरजमा होत नाही, सबब ही समुद्रसेवा धरता येत नाही. अकरा वर्षं, धरता येत नाहीत. आता तो बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर दोर बांधत होता. अपिलाची मुदत उद्या संपत होती आणि अर्ज तीन आठवडे सहीवाचून टेबलावर पडला होता.

दार वाजलं. शुभंकर बूट काढत म्हणाला, "काय म्हणतो तुझा राजपुत्र? आज कुठलं जहाज बुडवलं?"

"सही कर आधी."

"चहा तरी द्या, राणीसाहेब."

"मी चेष्टा करत नाहीये."

त्यानं अर्ज उचलला आणि होता तसा ठेवला. "अपील करून काय होणार? कंपनी काय परत उघडणारे? मी खालून सुरू करतो. कॅडेट म्हणून. वर्ष-दीड वर्षाचा तर प्रश्न."

"छत्तिसाव्या वर्षी कॅडेट."

"मग काय झालं? समुद्र तोच आहे."

"काय झालं?" ऊर्मी उठू नये म्हणून ती दात आवळून बोलत होती. "ही झाली तेव्हा तू कुठल्याशा वादळात होतास. चार दिवस फोन नाही. मी एकटीनं कळा सोसल्या आणि सगळ्यांना सांगत राहिले, ड्यूटीवर आहे तो. त्यांनी ती वर्षं पुसली, ठीक आहे, त्यांना काय माहीत. पण तू काही झालंच नाही म्हणालास ना, की माझीही वर्षं पुसली जातात, शुभंकर."

तो खुर्ची ओढून बसला, अर्ज जवळ घेतला. हुद्द्याच्या रकान्यात चीफ ऑफिसर असं ठळक लिहिलं आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही केली.

ड्रायर थांबला. त्या शांततेनंच ऊर्मी जागी झाली बहुतेक. ब्लँकेट ओढत आली आणि लॅपटॉपपाशी उभी राहिली. पडद्यावर पोटरीपर्यंत तलवार लोंबणारा, गालांवर बाळसं असलेला मुलगा होता.

"हू इज ही?"

"प्रिन्स आहे. नेव्हीतला ऑफिसर."

"बट ही इज सो लिटल."

"दहा वर्षांचा."

"मग ऑफिसर कसा झाला?"

"त्याच्या घरच्यांनी केलं," कृतिका म्हणाली. "त्याच्या बाबांनी सांगितलं, झाला."

ऊर्मी विचार करत शुभंकरच्या मांडीवर चढली. त्याचा तळहात उघडून त्यावरचा दोराचा वळ बोटानं हळूच चाचपला, आणि आईकडे बघून म्हणाली,

"मग आजोबांनी बाबाला का नाही केलं?"