कूलरसमोरची खाट

"बाई, याईचं हृदय अशक्त हाय. भुलीच्या गॅसनं श्वास तं नाई ना बंद पडन?" ऑपरेशनच्या खोलीच्या दारात मनकर्णाबाईनं विचारलं.

भूल देणाऱ्या डॉक्टर अदिती थांबल्या. "मावशी, गॅसनं झोपले की शरीराचा सगळा कारभार मंदावतो. प्राणवायूही कमीच लागतो. मला काळजी झोपेची नाही, जागं होण्याची आहे."

मनकर्णाबाईनं पहिलं तेवढंच कानात घेतलं. पुढचं ऐकायला जीव थाऱ्यावर कुठे होता? तिचा नवरा किसनराव बाळापूरच्या देवळात कीर्तनकार बुवांच्या मागे टाळ धरणारा माणूस. पित्ताशयातल्या खड्यापायी आज अकोल्यात आडवा झालेला.

ऑपरेशन होऊन दुपारी त्याला वॉर्डातल्या खोलीत आणलं. तोंडावर मास्क, बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या मशीनचा चिमटा. "ब्लँकेट अंगावर राहू द्या," म्हणून सिस्टर पलीकडे गेली.

"या उन्हात ब्लँकेट? उकडून मरन माणूस!" मनकर्णाबाई पुटपुटली. वऱ्हाडात आजाऱ्याला आणि जावयाला कूलरसमोरची जागा द्यायची, हा रिवाजच. तिनं ब्लँकेट पायथ्याशी सारलं अन् कूलर नवऱ्याकडे वळवला.

"माय, इकडे बी येऊ दे थोडी हवा," मुलगा देवानंद हसला. "आमी काय सावत्र हाओत?"

"तुह्यं पोट फाडलं काय? गप बस."

एवढ्यात खाट खडखडली. किसनरावाचे दात दातावर आपटू लागले, सारं अंग थडथड उडू लागलं. ओठ काळवंडले. मशीन ओरडायला लागलं अन् पडद्यावरचा आकडा खाली खाली चालला. मनकर्णाबाईनं दाराकडे धावत हाक मारली, "बाई, या हो लवकर!"

अदिती धावत आल्या. "कूलर कोणी लावला? बंद करा! ब्लँकेटं आणा!" त्यांनी सुईनं औषध सोडलं, प्राणवायू वाढवला. "गॅसच्या झोपेत यांचं थोडक्यात भागत होतं. आता हुडहुडीनं दुपटीनं प्राणवायू लागतोय, आणि तो पोचवणं या हृदयाला झेपत नाही."

"म्हंजे म्याच मारून राहिली काय याईले?"

अदितींनी पडद्यावरची नजर न काढता आणखी एक ब्लँकेट त्याच्या अंगावर पसरलं.

मनकर्णाबाईनं नवऱ्याचे गार पाय पदरात घेऊन पोटाशी धरले. तिचा घाम त्या पावलांवर ओघळत होता. विठ्ठला, याईचा टाळ थांबवू नको रे. देवानंद खिडकी उघडायला वळला तशी ती कडाडली, "हात नको लावू तिले!"

मग थडथड एकदम थांबली. त्या शांततेनं तिचं काळीज फाटलं. तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. खाली काही हलतं काय, ते ती चाचपू लागली.

"चढतोय आकडा," अदिती हळूच म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं किसनरावानं डोळे किलकिले केले. मास्कमधून खोल आवाज आला, "लय गरम होऊन राह्यलं वं."

"होऊ द्या," मनकर्णाबाई म्हणाली, अन् ब्लँकेट त्याच्या हनुवटीपर्यंत ओढून हुंदके देऊ लागली.